तीस वर्षांना आठ महिने कमी

आमच्या माळ्यावर माझी खोली आहे. म्हणजे सध्या तिथं नाताळचं झाड, आईनं दोनदा चालवलेलं व्यायामाचं यंत्र आणि पाण्याची टाकी आहे, पण मला गेली तीन वर्षं तिथं खोलीच दिसते. उतरत्या छपरात एक खिडकी, खिडकीखाली पलंग आणि दाराला आतून कडी. कडी सगळ्यात महत्त्वाची. कारण मी ज्या खोलीत झोपते तिथं माझी धाकटी बहीण कीवाही झोपते, आणि ती टिनची बासरी शिकते आहे. सहा महिने एकच गाणं वाजवते. चौथ्या ओळीत चुकते. रोज, त्याच ठिकाणी. मी पुस्तक उघडून ती चूक व्हायची वाट बघत बसते आणि चूक झाली की मला बरं वाटतं, इतकी माझी अवस्था वाईट आहे.

आईचा भाऊ कॉनरमामा बांधकामं करतो. त्यानं माळ्यावर रांगत मापं घेतली आणि सांगितलं, जमीन, खिडकी, जिना, दार धरून सात हजार तीनशे युरो. पतपेढीत पंधरा हजार साठले होते. म्हणजे उरलेल्या पैशांचं काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि न ठरलेल्या पैशांना वास असतो. तो बाबाला आला.

माझा बाबा, फिंटन, जिल्हा परिषदेच्या रस्ते विभागात आहे. अठरा वर्षं तो फोनवर खड्ड्यांच्या तक्रारी घेतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा ऑफली जिल्ह्यातले सगळे खड्डे त्याच्या चेहऱ्यावर असतात. जानेवारीत तो पन्नास वर्षांचा झाला, आणि त्याच आठवड्यात त्याला संगणकावर ती दिसली. योकोहामाची, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. १९९६ची. एकच मालकीण, दातांची डॉक्टर.

"दातांची डॉक्टर आहे बरं का," बाबा जेवताना आईला म्हणाला. आई दातांच्या दवाखान्यात काम करते.

"मग तिला विकायची का आहे?" आई म्हणाली.

"वय झालं असेल."

"गाडीचं की तिचं?"

बाबानं माझ्याकडे बघितलं. इथं मला सांगितलं पाहिजे की मी माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षात आहे, या वर्षी आम्हांला परीक्षा नसते, आणि वर्गानं मिळून जी मेणबत्त्यांची कंपनी काढली तिची मी खजिनदार आहे. आम्हांला जिल्ह्यात दुसरं बक्षीस मिळालं. तेव्हापासून मी हातात पेन घेऊन बोलते. ऑक्टोबरपर्यंत मी वर्गात हात वर करायला घाबरायचे, आणि आता बाई म्हणतात, ब्रोना, इतरांनाही संधी दे.

तर मी हिशेब मांडला. गाडी साडेचार हजार. जहाजभाडं दीड हजार. आयातशुल्क आणि विक्रीकर धरून आणखी साधारण दीड हजार. राहिला नोंदणी-कर, आणि तो तर किरकोळ होता. कारण शेजारचे मॅलकी टुही कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकवून म्हणाले होते, "तीस वर्षांच्या गाडीला नोंदणी-कर फक्त दोनशे युरो असतो, पोरी. सरकार तिला म्हातारी समजतं. विमाही स्वस्त." मॅलकी पोस्टातून निवृत्त झालेत आणि त्यांना सगळे नियम माहीत असतात, कारण सगळ्यांची सरकारी पाकिटं चाळीस वर्षं त्यांच्या हातातून गेली. २०२६ वजा १९९६, बरोबर तीस. ही वजाबाकी मी तोंडी केली. तोंडी केली याचा मला तेव्हा अभिमान होता.

गाडी अधिक खोली, चौदा हजार नऊशे पंच्याऐंशी. पंधरा युरो उरले.

आईनं कागद दोनदा वाचला. दवाखान्यात राहून तिला समोरच्याला तोंड उघडायला लावून आपण गप्प बसायची सवय झाली आहे. मग म्हणाली, "ठीक आहे. गाडीला याच्यावर जे लागेल ते खोलीतून जाईल. दुसरीकडून एक सेंट मिळणार नाही. खाली सही कर."

"मी?"

"हिशेब तुझा ना?"

मी सही केली. मोठी, लफ्फेदार. उरलेल्या पंधरा युरोंचे आम्ही चिप्स आणून खाल्ले.

पहिलं पाकीट मार्चमध्ये आलं. आमच्याकडे सरकारी पत्रं तपकिरी पाकिटातून येतात, वर वीणेचं, म्हणजे हार्पचं, चित्र असतं. देशानं वाद्य म्हणून वीणा का निवडली असेल मला माहीत नाही, पण ती बघितल्यावर माणसाच्या पोटातली तार छेडली जाते एवढं खरं. त्या पत्रात असं होतं की आयातशुल्क नुसत्या गाडीच्या किमतीवर लागत नाही, ते जहाजभाड्यावरही लागतं. आणि तेवीस टक्के विक्रीकर गाडी, भाडं आणि शुल्क या तिघांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे करावरसुद्धा कर. मी तो नुसत्या गाडीवर लावला होता. माझ्या मेणबत्त्या बोटीतून आल्या नव्हत्या, मला कसं कळणार?

सहाशे तेहेतीस युरो. खिडकी गेली.

"खिडकीशिवाय झोप चांगली लागते," बाबा म्हणाला.

मग बोट डब्लिनच्या बंदराला लागली ती शुक्रवारी दुपारी, सेंट पॅट्रिकच्या सुट्टीच्या तोंडावर. मंगळवारी सण, म्हणून सोमवारी कुणी कामावर आलं नाही, आणि बुधवारी जे आले ते आले असं म्हणवत नव्हतं. आमची गाडी सहा दिवस बंदरात उभी राहिली आणि त्या प्रत्येक दिवसाचं भाडं लागलं. जगभर लोक त्या दिवशी आमच्या नावानं हिरवे कपडे घालून नाचतात. मी स्वयंपाकघरात कागदावर माळ्याचा जिना खोडत होते. जिन्याच्या जागी शिडी लिहिली. शिडी वाईट नसते. शिडी वर ओढून घेता येते, म्हणजे कडीची गरज नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि रात्री कीवा झोपेत बोटं हलवत होती ती बघत जागी राहिले.

गाडीला अजून नंबर नव्हता, त्यामुळे ती चालवत आणता येईना. ट्रकवरून आणली, त्याचे तीनशे. टायर दिसायला नवे पण वयानं कीवापेक्षा मोठे निघाले, त्यांचे चारशे. धुक्यात लावायचा मागचा लाल दिवा जपानी गाड्यांना नसतो, आमच्याकडे लागतो. यात आश्चर्य काही नाही, आमच्याकडे धुक्याशिवाय असतंच काय. कागद सोडवणाऱ्या माणसाचे वेगळे. असं करत करत शिडीही गेली, आणि मी दाराकडे सरकले.

पण गाडी ट्रकवरून उतरली तेव्हा मी हे सगळं दहा मिनिटं विसरले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. इतकी छोटी, इतकी गोल. बाबा तिच्याभोवती हात मागे बांधून फिरत होता, देवळात फिरतात तसा.

"फिंटन," मॅलकी भिंतीपलीकडून हळूच म्हणाले, "ही हिरवी आहे."

"जाहिरातीत निळी वाटत होती."

"अपशकुनी हिरवी गाडी घरात आणतात का कुणी? माझ्या मावसभावानं आणली होती."

"मग?"

"मग काही नाही. तो आता कॅनडात असतो." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की कॅनडा म्हणजे स्मशान. मग ते आत जाऊन लूर्दच्या यात्रेतून आणलेलं तीर्थ घेऊन आले. मारियामातेच्या आकाराची प्लॅस्टिकची बाटली, निळं बूच म्हणजे तिचा मुकुट. इंजिनावर शिंपडलं, चाकांवर शिंपडलं आणि छप्पर उघडं होतं म्हणून चालकाच्या सीटवरही चांगलं पेलाभर सांडलं. तिथं डाग पडला. "राहू दे," मॅलकी म्हणाले, "पुसू नको."

आईनं दारातूनच गाडी बघितली. "बरंय," म्हणाली. आईच्या "बरंय"चे अकरा अर्थ आहेत आणि त्यातला एकही बरा नाही.

खरा घाव बसला तो नव्वद युरोंच्या कागदातून. जपानी दाखल्याचं भाषांतर करून घेतलं होतं, ते मी शाळेतून आल्यावर उघडलं. पहिली नोंदणी, नोव्हेंबर १९९६.

मी उभ्याउभ्या बोटांवर महिने मोजले. मग बसून मोजले. मार्च ते नोव्हेंबर, आठ. गाडी तीस वर्षांची नव्हती. एकोणतीस वर्षं आणि चार महिन्यांची होती. सरकारच्या दृष्टीनं ती म्हातारी नव्हती, ऐन तारुण्यात होती, आणि तिला तरुणांचा कर होता.

बाबा गाडीत बसला होता. रोज संध्याकाळी तो दारातल्या फरशीवर उभ्या गाडीत बसून गिअर बदलायचा. मी शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं. त्यानं गिअर हळूच तिसऱ्यातून काढला.

"किती?" तो म्हणाला.

"ते लोक गाडीची इथल्या बाजारात काय किंमत येईल ते ठरवणार, आणि त्याचे एकेचाळीस टक्के. पाच हजार धरली तर दोन हजार. आठ धरली तर सव्वातीन. आणि धुराचे वेगळे सहाशे."

"आईला सांगितलंस?"

"तू सांग."

"सही तुझी आहे," बाबा म्हणाला. हा माणूस अठरा वर्षं सरकारी नोकरीत आहे ते उगाच नाही.

मॅलकींचा सल्ला असा की गाडी आठ महिने गवताखाली लपवावी. पण गाडी देशात आल्यापासून तीस दिवसांत नोंदली नाही तर ती उचलून नेतात, हेही त्यांनीच सांगितलं, एकाच दमात. त्यानंतर दारासमोर कुठलीही पांढरी व्हॅन थांबली की मी पडद्यामागे जायचे. त्यातली एक पाववाल्याची होती. मी त्याला घरी कुणी नाही म्हणून सांगितलं, आणि दोन दिवस आम्ही पावाशिवाय राहिलो.

मग मला युक्ती सुचली. गाडीची किंमत जितकी कमी ठरेल तितका कर कमी. आणि आपल्या वस्तूला नावं ठेवण्यात माझ्या बाबाचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नाही. कुणी म्हटलं, छान कोट आहे, तर तो म्हणतो, कसला, मेलेल्या चुलत्याचा आहे. बक्षीस समारंभात बाई त्याला म्हणाल्या होत्या, "तुमची ब्रोना हिशेबात फार हुशार," आणि तो म्हणाला होता, "कसली हुशार? परवा बूट फ्रिजमध्ये ठेवले होते." ठेवले होते मी, पण ते सांगायची जागा ती नव्हती. तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. आता मी त्याला म्हटलं, "तुला काही वेगळं करायचं नाही. फक्त नेहमीसारखा वाग."

मॅलकींनी आपल्या गाडीला गवताच्या पेंढ्या नेण्याचा ट्रेलर जोडला आणि आम्ही आमची गाडी त्यावर चढवून तपासणी केंद्रावर नेली. वाटेत एका खड्ड्यात ट्रेलर असा आदळला की बाबा पुटपुटला, "याची तक्रार सात वेळा आलीय माझ्याकडे."

तपासणीला ओर्ला नावाची बाई होती. हातात कागद लावलेली फळी, कानामागे पेन, चेहरा दयाळू. तो दयाळू चेहरा बघून मी निर्धास्त झाले. तिथंच चुकले.

"तर ही ती गाडी," ओर्ला म्हणाली.

"गाडी कसली, डबा आहे," बाबानं सुरुवात केली. मी त्याच्या पाठीमागे श्वास सोडला.

"अहो, असं काय म्हणता? किती जपलेली आहे."

"रंग उडालाय."

"उडालाय? असा रंग हल्ली बघायला मिळतो का?" आणि तिनं लिहिलं, रंग, उत्तम.

"इंजिन खोकतं."

"या वयात थोडं खोकायचंच. माझे वडील खोकतात आणि घोड्यासारखे आहेत." इंजिन, उत्तम.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे माळ्यावरची, जी अजून बसवलेलीही नव्हती. मी अर्धाच रिवाज लक्षात घेतला होता. आमच्याकडे माणूस आपल्या वस्तूला नावं ठेवतो, हे खरं. पण त्यानं नावं ठेवली की समोरच्यानं कौतुक करायचं असतं, नाही केलं तर तो वाईट घराण्यातला ठरतो. ओर्ला चांगल्या घराण्यातली होती. बाबा एकेक शिवी देत होता आणि ती एकेक हजार चढवत होती.

मी घाबरले की पूर्वी गप्प व्हायचे. आता मी खजिनदार आहे. मी पुढे झाले आणि ज्याची आमच्याकडे कुणी हिंमत करत नाही ते केलं. "खरं सांगायचं तर," मी म्हटलं, "ही गाडी अप्रतिम आहे. अशी देशात दुसरी नसेल."

मॅलकींनी टोपी काढून आत बघितलं. बाबाचे कान लाल झाले. ओर्लाचा दयाळू चेहरा हळूहळू मिटला, दुकान मिटावं तसा.

"असं होय," ती म्हणाली. आणि खाली वाकली. "इथं गंज दिसतोय."

"तो गंजही फार चांगल्या प्रतीचा आहे," मी म्हटलं.

"छपराची शिवण सुटलीय."

"हातानं घातलेली शिवण आहे."

पेन खाली खाली जात होतं. मध्यम. मध्यम. बरी. मला शिडी परत दिसायला लागली, शिडीवरून दार दिसायला लागलं. लाजेनं माझी मान मोडायची वेळ आली होती, पण मी थांबले नाही. आणखी तीन मिनिटं गेली असती तर खिडकीही आली असती.

"हा आरसा मूळचा नाही," ओर्ला म्हणाली. "आणि सीट खराब आहे, डाग पडलाय. एकूण सामान्य गाडी."

"आरसा मूळचा आहे."

हे मी म्हटलं नव्हतं. बाबानं म्हटलं होतं. मी त्याची बाही ओढली. त्यानं ती सोडवून घेतली.

"आरसा मूळचा आहे," तो म्हणाला. "दाराची रबरंसुद्धा मूळची आहेत. त्या डॉक्टरबाईनं ती दर रविवारी धुतलीय, एकोणतीस वर्षं, गाडीबरोबर आलेल्या वहीत लिहिलंय. मी आयुष्यात घेतलेल्या वस्तूंमधली ही सगळ्यात चांगली आहे. आणि सीट खराब नाही. तो डाग लूर्दचा आहे."

"लूर्दचा?"

"मीच सांडलं," मॅलकी म्हणाले.

ओर्लानं छातीवर क्रूसाची खूण केली, डागाची नोंद खोडली आणि मग, बहुधा बाबाच्या आवाजाला काय झालं होतं ते तिलाही कळलं म्हणून, पान उलटून सगळंच पुन्हा लिहायला घेतलं. बाबा तिथंच उभा होता. त्याला घाम आला होता. मला वाटतं आपण काय बोललो ते त्याला ट्रेलरपाशी आल्यावर कळलं.

"किती होतील?" त्यानं विचारलं.

"आठ हजार तरी धरतील," मी म्हटलं. घरी परतताना मॅलकींनी वाटेतले सगळे खड्डे चुकवले.

धरले आठ हजारच. वीणेचं पाकीट आईनं स्वतः उघडलं, किटलीच्या वाफेजवळ उभी राहून, आणि माझा सही केलेला कागद फ्रिजवरून काढून शेजारी ठेवला. दार गेलं, जमीन गेली. नंतर विम्याचे फोन केले. गाडीचं वय ऐकून चार कंपन्यांनी हसून नाही म्हटलं, आणि पाचवीनं न हसता आकडा सांगितला, तो आणखी वाईट. तीस पूर्ण झाल्यावर या, म्हणाले, तेव्हा म्हाताऱ्या गाड्यांचा विमा मिळेल, स्वस्तात. म्हणजे नोव्हेंबरपर्यंत गाडी दारातल्या फरशीवरच.

कॉनरमामानं उरलेल्या पैशांकडे बघून सांगितलं की एवढ्यात शिडी तेवढी होईल. वर काही नसेल, पण जाता येईल.

मी आईच्या ओरडण्याची वाट बघत होते. आई ओरडली नाही. तिनं मला गाडीची किल्ली दिली. "हिशेबात तुझी खोली गेली ना? मग ही घे. नोव्हेंबरपर्यंत. कीवाला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव."

"आणि मी?" बाबा म्हणाला.

"टकटक कर," आई म्हणाली.

तर सध्या मी हे गाडीत बसून लिहिते आहे. दोन्ही दारांना आतून कडी लागते. छप्पर मागे घेतलं की वर सगळं आभाळ, कॉनरमामाची खिडकी एवढी मोठी कधी झाली नसती. पाऊस आला की ते बंद करायला नऊ सेकंद लागतात, आणि दिवसातून आठ-दहा वेळा तरी लागतात. कीवाची बासरी इथं ऐकू येत नाही. तिसऱ्या दिवशी मी काच थोडी खाली केली, चौथ्या ओळीचं काय झालं ते बघायला. चुकली. मी काच वर केली.

काल संध्याकाळी काचेवर टकटक झाली. बाबा बाहेर उभा, हातात चहाचे दोन मग. मी शेजारची सीट रिकामी केली. तो बसला, पाय कुठं ठेवायचे ते त्याला कळेना, कारण चालकाच्या जागी मी होते. आम्ही समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत चहा प्यालो, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे.

मॅलकी भिंतीवर टेकले. "फिंटन," ते म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या पोरीनं त्या बाईला काय गुंडाळलं होतं. तू मधे पडला नसतास तर वाचले होते पैसे. हुशार आहे हो पोरगी."

मी बाबाकडे बघितलं नाही. मी मीटरकडे बघितलं. आता बूट येणार, फ्रिज येणार, वजाबाकी येणार, हे मला माहीत होतं, आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

बाबानं चहाचा घोट घेतला.

"आहे," तो म्हणाला.

पुढं काहीच नाही. मॅलकी थोडा वेळ वाट बघून आत गेले, मला वाटतं तीर्थ आणायला. मी पुसायला काहीतरी हवं म्हणून समोरची काच आतून बाहीनं पुसली, आणि बाबाला सांगितलं की चहाचा मग उचलताना जपून, लूर्दच्या डागाशेजारी दुसरा पडला तर खोली माझी आहे, नुकसान मी भरून घेईन.